फोटोंना पाच तारे, फोटोओळींना दीड

मी मूळची मुद्रितशोधक. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घांवर लाल पेन चालवलं. मग मासिकातली माणसं एकेक करून कमी होत गेली आणि फोटो निवडायचं कामही माझ्याच टेबलावर येऊन पडलं. खोड मात्र जुनीच राहिली. फोटो समोर आला की माझी नजर आधी खाली जाते, फोटोओळीवर. ज्यांना फक्त चांगले फोटो हवेत त्यांना ही सेवा आवडेल, खुशाल घ्यावी. माझी तक्रार फोटोखालच्या दोन ओळींची आहे आणि ती जरा लांबणार आहे.

सेवा म्हणजे एका ऑनलाइन फोटोसंग्रहाचं वार्षिक सदस्यत्व. महिन्याला पंचवीस फोटो उतरवून घेता येतात. उरले तर पुढच्या महिन्यात चालत नाहीत, बुडाले. नाव देत नाही, कारण आणखी दोन संग्रह महिनाभर फुकट वापरून पाहिले आणि तिथेही थोड्याफार फरकाने हाच प्रकार होता. आम्ही ती घेतली ती एका मालिकेसाठी: जमिनीखाली भरपूर आहे आणि जमिनीवरची माणसं गरीब आहेत, अशा देशांवर सात लेख. काँगोचा कोबाल्ट, नायजेरियाचं तेल, ब्राझीलचं सोनं, सिएरा लिओनचे हिरे वगैरे. लेख तयार होते. फोटो हवे होते.

चांगलं ते आधी. छपाईला लागणारं रेझोल्युशन सांगितलंय तेवढं खरंच मिळतं. रंग कागदावर उतरल्यावर दगा देत नाहीत. आडवा-उभा, माणसं किती, कोणत्या वर्षीचा, अशा चाळण्या लावता येतात. डमीसाठी हलकी प्रत फुकट मिळते, त्यामुळे पान लावून बघून मग फोटो उतरवता येतो. सदस्यत्व थांबवायला कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. इथपर्यंत पाच तारे, एकही कापत नाही.

आता कोबाल्ट. शोधाच्या चौकटीत 'काँगो' आणि 'कोबाल्ट' असे दोन शब्द टाकले. पहिला फोटो: लहान मुलगा, चेहऱ्यावर धूळ, डोळे थेट कॅमेऱ्यात, पाठीवर पोतं. दुसरा: तोच मुलगा, बाजूने. तिसरा: दुसरा मुलगा, पण पोतं तेच असावं असं वाटायला लावणारं. पुढे हातांचे क्लोजअप, चिखलातली पावलं, मग पुन्हा डोळे. आणि खाली ओळ: 'काँगोमधील खाणीत काम करणारा आफ्रिकन मुलगा.' कोणता काँगो? त्या नावाचे दोन देश शेजारी-शेजारी आहेत. त्यातला कोबाल्टवाला, म्हणजे किन्शासा राजधानी असलेला, पसरलाय जवळजवळ पश्चिम युरोपाएवढा. उद्या 'युरोपातील कारखान्यात काम करणारा युरोपीय माणूस' अशी ओळ माझ्याकडे आली तर मी ती लेखकाच्या अंगावर परत फेकेन. इथे ती विकली जाते, तीही परवान्यासकट.

या ढिसाळपणाची किंमत आम्ही मोजली. पहिल्या लेखासाठी एक फोटो घेतला: उताराच्या कडेला रांगेने माणसं, लाकडी पन्हाळीतून गढूळ पाणी वाहतंय, मागे हिरवेगार उभे डोंगर. फोटोओळीत देश होता, 'खाणकाम' होतं, आणि शोधशब्दांत 'कोबाल्ट' होतं. मी 'कोबाल्ट धुताना कामगार' असं लिहून मोकळी झाले. अंक गेला. आठवड्याने एका निवृत्त भूवैज्ञानिकांचं पत्र आलं, सुवाच्य अक्षरात, अतिशय सभ्य भाषेत. म्हणाले, कोबाल्टचा पट्टा कोल्वेझीच्या बाजूला, दक्षिणेकडच्या पठारावर आहे. तुमच्या फोटोतले डोंगर तिथले नव्हेत. हे पूर्वेकडचं किवू दिसतं आणि पन्हाळीत धुताहेत ते कोल्टन असावं.

छायाचित्रकाराचं स्वतःचं संकेतस्थळ शोधून काढलं. फोटो तिथे होता आणि त्याखाली सहा ओळी होत्या. गाव रुबाया, मसिसी भाग, उत्तर किवू. खनिज कोल्टन. कोल्वेझी तिथून हजारभर किलोमीटर दूर. कोल्टनपासून टँटलम हा धातू निघतो, तो इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या सुट्या भागात जातो. कोबाल्ट जातो लिथियम-आयन बॅटरीत. वस्तू वेगळी, वाट वेगळी, गिऱ्हाईक वेगळं. रुबाया तर २०२४ साली एम-२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं. तिथल्या खाणीची गोष्ट ही लढाईची गोष्ट आहे, कोल्वेझीची तशी नाही. म्हणजे छायाचित्रकाराने आपलं काम चोख केलं होतं. त्याच्या सहा ओळी माझ्यापर्यंत येईतो दीड ओळ झाली होती.

ग्राहकसेवेला लिहिलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं: फोटोओळी छायाचित्रकार किंवा त्याची एजन्सी पुरवते, आम्ही त्यात बदल करत नाही. मी मूळ सहा ओळी चिकटवून पुन्हा पाठवल्या. तेच उत्तर पुन्हा आलं, फक्त खालची सही दुसऱ्या माणसाची. पुढच्या अंकात आम्ही चौकट टाकून चूक कबूल केली. शोधशब्दांत 'कोबाल्ट' अजून तसाच आहे, कालच पाहिलं.

तुम्ही म्हणाल, ही तांत्रिक बाब झाली. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मग कासुलो शोधलं.

कासुलो ही कोल्वेझीतली वस्ती. २०१४ साली तिथे एकाने घराजवळ खणायला घेतलं आणि खाली कोबाल्टचं खनिज लागलं. मग लोकांनी आपापली अंगणंच काय, घरातल्या जमिनीही खणल्या. विहिरीसारखे उभे खड्डे आणि आत आडवे बोगदे. वर ताडपत्र्या. २०१७ मध्ये वस्तीच्या काही भागातली घरं उठवली, भोवती भिंत घातली आणि आतली खनिजखरेदी एका चिनी कंपनीच्या काँगोतल्या शाखेकडे गेली. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के या एका देशातून येतो, तेव्हा अशा भिंतीला बातमीचं मोल आहे. संग्रहात कासुलोचे फोटो आहेत का? आहेत, उत्तम आहेत. ताडपत्र्या आहेत, खड्ड्यात उतरणारा दोर आहे, बोगद्यातून वर बघणारा घामेजलेला चेहरा आहे. भिंत मला एका फोटोत सापडली, तीही मागे, धूसर. फोटोओळीत तिचा उल्लेख नाही.

भिंत सुंदर दिसत नाही, हे मान्य. करारनामा, स्वामित्वधन, निर्यातीचा ट्रक, शुद्धीकरण कारखान्याचं फाटक, यांतलं काहीच सुंदर दिसत नाही. मुलाचे डोळे दिसतात. म्हणून तर ओळ लागते! जे चौकटीत मावलं नाही ते सांगायला दोन ओळींची जागा ठेवलेली असते, आणि नेमकी तीच जागा इथे जवळजवळ रिकामी आहे.

परवान्याबद्दल थोडं, कारण इथे मी खरोखर थबकले. फोटो दोन खणांत विकले जातात. एक व्यावसायिक वापर: जाहिरात, वेष्टन वगैरे. त्यासाठी फोटोतल्या ओळखू येणाऱ्या माणसाचं संमतीपत्र लागतं आणि कंपन्यांची बोधचिन्हं पुसून टाकावी लागतात. दुसरा संपादकीय वापर: बातमी, लेख. त्याला सहसा संमतीपत्र लागत नाही. बातमीदारीसाठी ही सूट हवीच, नाहीतर दंगलीचा फोटो छापायला दंगलखोराची सही घ्यावी लागेल. पण खाणीतलं मूल या खणात येऊन पडतं, आणि पुढची कित्येक वर्षं कुठल्याही लेखाला, कुठल्याही अहवालाला जोडलं जाऊ शकतं, त्याच्या आईबापांना पत्ताही न लागता. शिरस्ता असा पडलाय की चेहरा उघडा आणि कंपनी झाकलेली. मुद्दाम कुणी ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. पुसण्याचा नियम संपादकीय खणाला लागूही नाही. तरी तिथल्या फोटोओळींतही कंपनीचं नाव शोधून शोधून दमले.

नायजर डेल्टाची तऱ्हा तीच, फक्त धुळीच्या जागी काळं पाणी. शोधलं की आधी येते ज्वाला: पाठीमागे आभाळाला भिडलेली आग, पुढे बाई, तिच्यापुढे उन्हात घातल्यासारखं आगीच्या धगीत वाळत टाकलेलं कसाव्याचं पीठ. फोटो म्हणून जबरदस्त. खाली 'नायजेरियात वायूज्वाळेजवळ महिला'. ती ज्वाला म्हणजे खनिज तेलाबरोबर येणारा वायू, जो साठवायचा-विकायचा खर्च टाळून जाळून टाकतात. हे एक वाक्य खाली असतं, तर बाईच्या दारिद्र्यामागे कुणाचा तरी हिशोब आहे हे कळलं असतं. ते नाही, त्यामुळे आग ज्वालामुखीसारखी वाटते, दैवाने दिलेली.

आणि 'तेलगळती' हा शब्द! जसं काही कौलारू घर गळतंय. बोडो या गावाचे फोटो भरपूर आहेत: खारफुटीची काळी मुळं, काळ्या पाण्यात होडी, तळव्यावर तेल घेऊन दाखवणारा कोळी. बोडोला २००८-०९ मध्ये दोन मोठ्या गळत्या झाल्या त्या शेलच्या नायजेरियातल्या कंपनीच्या वाहिनीतून. लंडनमध्ये दावा चालला आणि जानेवारी २०१५ मध्ये ५.५ कोटी पौंडांवर तडजोड झाली. ही काही कुजबुज नाही, जाहीर नोंद आहे. फोटोओळीत मात्र 'नायजेरियातील प्रदूषण'. बोडो ज्यात येतं त्या ओगोनी लोकांच्या भागाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली सांगितलं होतं की सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील. त्याच ओगोनींसाठी बोलणाऱ्या केन सारो-विवा यांना आणि त्यांच्या आठ साथीदारांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी तिथल्या लष्करी राजवटीने फाशी दिलं. सारो-विवांचे फोटो संग्रहात आहेत, पण 'व्यक्ती' या विभागात. तेलाच्या शोधात ते येत नाहीत. तेलाच्या शोधात बाई येते, निनावी.

आता गंमत बघा. याच संग्रहाच्या 'ऐतिहासिक' विभागात एक फोटो आहे, १४ मे १९०४ चा. तो अॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी बारिंगा इथे काढला. तेव्हा काँगो हा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डचा खासगी मुलूख होता आणि रबराचा ठरलेला वाटा आला नाही की गावाला शिक्षा व्हायची. फोटोत ओट्याच्या कडेला एक माणूस बसलाय. त्याच्यासमोर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल. तो त्यांच्याकडे बघतोय. आपल्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. मी हा फोटो एकदाच नीट पाहिला, पुन्हा पाहवला नाही. पण फोटोओळ मी पाठ केली. माणसाचं नाव न्साला, गाव वाला. मुलीचं नाव बोआली. मारणारे पहारेकरी कुणाचे, तर एबीआयआर या रबर कंपनीचे.

बापाचं नाव, मुलीचं नाव, गाव, कंपनी. १९०४ साली, वजनदार कॅमेरा आणि काचेच्या तबकड्या सांभाळत, एका मिशनरी बाईला हे जमलं. हॅरिस दांपत्याने पुढे हे फोटो पडद्यावर दाखवत इंग्लंड-अमेरिकेत सभा घेतल्या, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. त्याला कारणं पुष्कळ होती. तरी त्या सभांमध्ये 'एक आफ्रिकन बाप' असं सांगितलं गेलं असतं तर प्रेक्षकांनी डोळे पुसून घरची वाट धरली असती असं मला वाटतं. (त्या सभांमध्येही उपदेशाचा आणि वर्चस्वाचा सूर होताच, बाईंना देवी करायचं काही कारण नाही.)

सिएरा लिओनवर वेळ घालवत नाही: पाण्यात चाळण धरलेले हात, तळव्यावर खडा, संपलं.

बियाफ्राचे, म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेल्या प्रांताचे, फोटो मला मालिकेत नको होते, शोधात आपोआप आले. १९६८ च्या उन्हाळ्यात युरोप-अमेरिकेतल्या नियतकालिकांनी पोट फुगलेल्या, हाडं मोजता येतील अशा मुलांचे फोटो पहिल्या पानांवर छापले, आणि आफ्रिकेतल्या उपासमारीचा फोटो कसा दिसावा याचा साचा तिथे पडला. त्या फोटोंमुळे मदतीची विमानं गेली, हे विसरून चालणार नाही. पण भूक आली होती नायजेरियाच्या संघराज्य सरकारच्या नाकेबंदीमुळे, आणि भांडणात तेलाचा मोठा वाटा होता. नाकेबंदीचा फोटो निघत नाही. पोटाचा निघतो.

ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांचं उदाहरण मालिकेच्या संपादकांनी माझ्या तोंडावर फेकलं: त्यांचे फोटो बघ, ओळीची गरजच काय? ब्राझीलच्या सेरा पेलाडा इथल्या सोन्याच्या खाणीत १९८६ साली काढलेले ते फोटो. प्रचंड खड्डा, शिड्या, मुंग्यांसारखी हजारो चिखलमाखली माणसं. पाहिलं की इजिप्तचे गुलाम आठवतात. मी संपादकांना म्हटलं, तिथेच तर चुकतं. ती गुलाम नव्हती. खड्डा छोट्या-छोट्या तुकड्यांत वाटलेला होता, तुकड्यांना मालक होते, पोती वाहणारे मजुरीवर होते, आणि सोन्याची शीर लागली की मजुराला एक पोतं निवडून घ्यायचा हक्क असे. शिडी चढणाऱ्याच्या डोक्यात जुगार होता. हे मला फोटोने नाही, मजकुराने सांगितलं. सालगादो शिकलेले अर्थतज्ज्ञ. त्यांना हे न सांगताच कळलं असणार. तरी त्यांच्या 'वर्कर्स' या १९९३ च्या ग्रंथात फोटोओळी एका वेगळ्या पुस्तिकेत दिल्या आहेत. अशी पुस्तिका पहिल्याच वाचनात गादीखाली जाते आणि उरतात मुंग्या. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनीही त्यांच्यावर हाच आक्षेप घेतला होता, की सोसणाऱ्यांना नावं नाहीत. संपादक गप्प बसले. पटल्यामुळे की जेवायची वेळ झाल्यामुळे, सांगता येत नाही.

यावर संग्रहाने काढलेला उपाय म्हणजे 'सकारात्मक आफ्रिका' नावाची निवडक मालिका. हसणारी मुलं, लॅपटॉपवाली तरुणी, रंगीत छत्र्या. उघडली आणि ओळी वाचल्या: 'आनंदी आफ्रिकन मुलगा.' धूळ झटकली, नाव अजून नाहीच.

गेल्या काही महिन्यांत आणखी एक भर पडली आहे: यंत्राने बनवलेली चित्रं. चाळणी मुद्दाम बंद केल्याशिवाय ती खऱ्या फोटोंत मिसळून येतात. खाणीतलं मूल, धूळ, डोळे, पोतं, सगळं जागच्या जागी. फक्त मूलच नाही. २०२३ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये एक प्रयोग छापून आला होता. अशा यंत्राला संशोधकांनी सांगितलं, काळे आफ्रिकन डॉक्टर गोऱ्या मुलांवर उपचार करताहेत असं चित्र काढ. त्याने पुन्हा पुन्हा रुग्णच काळे काढले. यंत्र आमच्याच फोटोंवर शिकलंय, दुसरं काय काढणार? विकणाऱ्यांना ही सोय वाटते, कारण संमतीचा प्रश्न मिटला. आमच्या मासिकापुरता मी यावर फुलीचा शिक्का मारलाय.

मग फोटो मिळवले कुठून? थोडे इथूनच, पण प्रत्येकाचा मूळ धनी शोधून, त्याच्या पूर्ण ओळी मिळवून. एका फोटोमागे सरासरी अर्धा दिवस. सदस्यत्वाच्या जाहिरातीत हा वेळ धरलेला नाही. बाकी शोध संग्रहाबाहेर घेतला. नायजेरियाचे जॉर्ज ओसोडी यांनी २००३ ते २००७ अशी चार वर्षं डेल्टावर काम केलं, ते जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात २००७ साली मांडलं गेलं. स्वतः त्या देशाचा माणूस. त्यांच्या फोटोंत लोक संकटातही आपापल्या कामात असतात, आपल्यासाठी उभे केलेले वाटत नाहीत. आणि काँगोतल्या लुबुम्बाशीचे सामी बालोजी. त्यांची २००६ ची 'मेमोआर' ही मालिका पाहिल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. जेकामिन या सरकारी खाणकंपनीच्या ओस पडलेल्या कारखान्यांचे रंगीत फोटो, आणि त्यांवर वसाहतकाळातल्या जुन्या दप्तरातून कापून चिकटवलेली कृष्णधवल माणसं: रांगेत उभे केलेले मजूर, टोपीवाले साहेब. धनी, मजूर आणि उरलेलं भंगार, तिन्ही एकाच चौकटीत. फोटोओळीचं काम त्यांनी फोटोतच करून टाकलंय.

सदस्यत्व नव्याने घेतलंय, पण लहान, महिन्याला दहा फोटोंचं. वाचलेल्या पैशांत कोल्वेझीजवळ राहणाऱ्या एका तरुण छायाचित्रकाराकडून शेवटच्या लेखासाठी थेट फोटो मागवले. चार आले. त्यांतल्या एकात भिंत आहे, सरळ समोर, फोकसमध्ये, आणि तिच्या सावलीत बसून डबा खाणारी तीन माणसं. फोटोओळ फ्रेंचमध्ये, नऊ ओळींची, तिघांच्या नावांसह. नावं छापायला त्यांची हरकत नाही असंही त्याने खाली लिहिलंय. पान लावणारा म्हणतो, एवढी ओळ ठेवायची तर फोटो कापावा लागेल. मी म्हटलं, काप, पण भिंतीकडून नको.

अडलंय एका शब्दावर. तिकडे हाताने खणणाऱ्यांना क्रझर म्हणतात. मी आधी 'खाणकामगार' लिहिलं होतं, मग खोडलं. कामगार म्हटलं की हजेरीपट आला, पगार आला, मालक आला. या तिघांना त्यातलं काही नाही. सध्या 'खणणारे' लिहून पुढे गेलेय, समासात प्रश्नचिन्ह ठेवून.